ग्रंथ सर्वांचा, नाव ज्याचे त्याचे

एकाच नावाची औषधे अनेकांनी करणे ही आयुर्वेदात नवलाची गोष्ट नाही. सितोपलादि चूर्ण महाराष्ट्रातील शेकडो फार्मसी करतात; दशमूलारिष्ट, त्रिफळा गुग्गुळ, महानारायण तेल यांचेही तसेच. पाठ ग्रंथातला, कृती ग्रंथातली आणि नावही ग्रंथातले. त्यात कोणास वावगे वाटत नाही आणि वाटण्याचे कारणही नाही. तथापि या सवयीचा एक परिणाम असा झाला आहे की, ग्रंथोक्त नावांकडे ज्या मोकळेपणाने आपण पाहतो, त्याच मोकळेपणाने दुसऱ्याच्या व्यापारी नावाकडे, लेबलाकडे, छायाचित्राकडे आणि माहितीपत्रकाकडेही पाहू लागलो आहोत. शेजारच्या जिल्ह्यातील एखाद्या तेलाचे नाव आवडले, की त्यात एक अक्षर फिरवावे आणि आपले तेल बाजारात आणावे. छापखान्यात गेल्यावर 'असाच खोका करून द्या' म्हणून दुसऱ्याचा खोका पुढे ठेवावा. हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही गैर आहे असे सांगणाराच विचित्र ठरतो.

आजवर हे खपून गेले, याचे कारण आपली सचोटी नव्हे, भूगोल होय. 'धन्वंतरी', 'संजीवनी', 'आरोग्य', 'अमृत' अशा नावांची फार्मसी जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडते. नेवाशाचे गिऱ्हाईक नेवाशात, संगमनेरचे संगमनेरात आणि बार्शीचे बार्शीत औषध घेत होते, तोवर त्या नावांची एकमेकांशी गाठच पडत नव्हती. आता लहानात लहान फार्मसीसुद्धा संकेतस्थळ काढते, फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करते, मोठ्या ऑनलाईन बाजारात आपली बाटली मांडते आणि कुरिअरने ती नागपूरपासून पणजीपर्यंत पाठवते. तालुक्याची वेस ओलांडताच एका नावाच्या चार बाटल्या एका पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या राहतात. ज्या भूगोलाने आपल्याला सांभाळून घेतले, तो भूगोल आता उरलेला नाही, हे व्यवसायबंधूंच्या निदर्शनास आणावे एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

अमृतधारा आणि लक्ष्मणधारा

या विषयावर सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला एक अत्यंत महत्त्वाचा खटला आपल्याच व्यवसायातील आहे. लाहोर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी 'अमृतधारा' हे औषध निघाले आणि घराघरांत पोहोचले. पुढे कानपूरच्या एका कंपनीने १९२३ पासून त्याच प्रकारचे औषध 'लक्ष्मणधारा' या नावाने विकण्यास आरंभ केला. १९५० मध्ये या दुसऱ्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज झाला, तेव्हा अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाचे मत असे पडले की 'धारा' हा शब्द सामान्य आहे, 'अमृत' आणि 'लक्ष्मण' हे शब्द भिन्न आहेत, तेव्हा घोटाळा होण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हे मत मान्य केले नाही. औषध घेणारा मनुष्य नावाची फोड करून, त्याची व्युत्पत्ती तपासून औषध घेत नाही. त्याला नाव अर्धवट आठवते, उच्चार कानात असतो आणि घेणाऱ्यांत शिकलेले व अशिक्षित, शहरातले व खेड्यातले असे सर्वच असतात. म्हणून नाव संपूर्ण पाहावयाचे, ते कानाला कसे लागते ते पाहावयाचे आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहावयाचे, हे सूत्र या निकालाने दृढ केले.

परंतु आम्हास या निकालाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक वाटतो. अमृतधारावाल्यांना लक्ष्मणधारेची माहिती अनेक वर्षे होती. तिच्या जाहिराती त्यांच्या डोळ्यांसमोर होत असतानाही ते स्वस्थ बसले. त्या स्वस्थ बसण्याचे फळ म्हणून न्यायालयाने लक्ष्मणधारेची नोंदणी पूर्णपणे नाकारली नाही. ती उत्तर प्रदेशापुरती मर्यादित ठेवण्याचा निबंधकांचा आदेश कायम केला. म्हणजे दोन नावांत साम्य आहे हे मान्य करूनही, नकाशावर एक रेघ ओढून दोघांना नांदविण्याची सोय १९६२ साली होती. आज ती रेघ कोठे ओढणार? पडद्यावर उत्तर प्रदेश नाही आणि नेवासा तालुकाही नाही. पूर्वी तडजोडीने सुटणारा वाद आता 'एक राहील, दुसरा जाईल' या वळणावर येऊन ठेपतो आणि जाणारा बहुधा लहानच असतो.

आमच्या परिचयातील एका फार्मसीचालकांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. सांधेदुखीवरील त्यांचे तेल पंचक्रोशीत वर्षानुवर्षे खपत होते. ऑनलाईन बाजारात ते मांडल्यावर काही महिन्यांतच त्याच उच्चाराच्या नोंदणीकृत नावाच्या मालकाने तक्रार केली. तक्रार येताच बाजारवाल्यांनी विक्री थांबविली, चौकशी नंतर. आपले नाव जुने आहे असे या गृहस्थांचे म्हणणे होते आणि ते खरेही असावे. परंतु पहिल्या दहा वर्षांचे एक बिल, एक लेबल, एक वर्तमानपत्री जाहिरात त्यांच्यापाशी निघाली नाही. शेवटी नाव बदलले, छापलेले खोके रद्दीत गेले आणि रुग्ण जुन्या नावाने औषध मागत राहिले. औषध तेच, हात तोच, गुण तोच. परंतु नावासोबत मिळविलेला विश्वास मात्र नव्याने मिळवावा लागला.

नावाचा घोटाळा म्हणजे औषधाचा घोटाळा

हा केवळ व्यापाराचा प्रश्न आहे असे आम्ही मानत नाही. कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, औषधांच्या नावांतील साम्याची परीक्षा इतर मालापेक्षा अधिक कठोरपणे झाली पाहिजे. तेथील वाद 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या हिवतापावरील दोन औषधांच्या नावांचा होता. साबणाच्या नावात गफलत झाली तर मनुष्य फार तर नाराज होईल; औषधाच्या नावात झाली तर प्रकृतीवर बेतेल.

आयुर्वेदास हे कमी लागू आहे असे कोणी समजू नये. एकाच उच्चाराच्या दोन प्रोप्रायटरी गोळ्यांपैकी एक काष्ठौषधींची आणि दुसरी रसौषधीयुक्त असू शकते. एक गर्भिणीस चालेल, दुसरी चालणार नाही. रुग्ण दूरध्वनीवर नाव सांगतो, दुकानदार जे ऐकतो ते देतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्येही दुसऱ्या औषधाची नक्कल करणारे अथवा त्याचे नाव धारण करणारे आयुर्वेदीय औषध 'स्प्युरियस' म्हणजे बनावट ठरते, ही तरतूद आहे. तेव्हा नाव वेगळे ठेवणे हा कायद्याचा धाक म्हणून पाळावयाचा नियम नसून चिकित्सकाच्या कर्तव्याचाच तो भाग होय.

काय सर्वांचे, काय ज्याचे त्याचे

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो: आयुर्वेद ऋषींनी दिला, त्यावर मालकी कसली? हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्याचा खरा अर्धा आपण प्राणपणाने जपला पाहिजे. हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून १९९७ मध्ये ते रद्द करविले. जे सर्वांचे आहे ते कोणा एकाचे होऊ देता कामा नये, हाच त्याचा धडा. 'च्यवनप्राश' हे नाव कोणाही एका कंपनीचे होऊ शकत नाही, 'अश्वगंधारिष्ट' होऊ शकत नाही. मालाचा प्रकार, गुण वा उपयोग सांगणारा शब्द, उदाहरणार्थ 'केशवर्धक', एरवी व्यापारचिन्ह म्हणून नोंदविता येत नाही, असे व्यापारचिन्ह कायदा, १९९९ चे कलम ९ सांगते.

आक्षेपाचा दुसरा अर्धा मात्र चुकीचा आहे. आपली परंपरा निनावी आहे, असे म्हणणाऱ्याने संहिता नीट उघडलेली नाही. अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला आणि अपूर्ण राहिलेला भाग दृढबलाने पुरा केला. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान एवढे आपले काम, हे दृढबलाने ग्रंथातच नोंदवून ठेवले आहे. आम्ही ज्या गावी व्यवसाय करतो, त्या नेवाशाचा दाखला तर प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. ज्ञानेश्वरी येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. तिच्या अखेरीस शक, स्थान आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांची नोंद आहे. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, असेही बजावून ठेवले. ज्ञान मुक्तहस्ताने द्यावे, परंतु कोणाचे काय हे लपवू नये, हीच आपली रीत. आजचा कायदा त्याहून फारसे वेगळे मागत नाही.

तेव्हा भेद असा करावा. ग्रंथोक्त पाठ, ग्रंथोक्त नाव, वनस्पतीचे नाव, व्याधीचे नाव ही सर्वांची. एखाद्याने आपल्या प्रोप्रायटरी औषधास दिलेले विशिष्ट नाव, त्याचे बोधचिन्ह, खोक्याची मांडणी, त्याने काढविलेले चित्र व छायाचित्र आणि त्याने स्वतः लिहिलेला मजकूर ही त्याची. पहिल्या वर्गाकरिता कोणाची परवानगी नको. दुसऱ्या वर्गास परवानगीवाचून हात लावू नये.

लेबल, छायाचित्रे आणि मजकूर

नक्कल नावापुरतीच नसते. मुंबईच्या पेंढरकर घराण्याच्या विको कंपनीने हळदीच्या क्रीमच्या ट्यूबची व खोक्याची रंगसंगती आणि मांडणी उचलणाऱ्या दुसऱ्या कंपनीविरुद्ध दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये त्या दुसऱ्या कंपनीस मनाई केली. हळद कोणाचीच नाही. परंतु हळदीचा तो विशिष्ट खोका एका कंपनीचा आहे, हा भेद येथे स्वच्छ दिसतो.

मजकुराचेही असेच. हिमालया ड्रग कंपनीने आपल्या संकेतस्थळावर वनौषधींची सविस्तर माहिती सिद्ध केली होती. ती दुसऱ्याने आपल्या संकेतस्थळावर शब्दशः उतरविली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ते कॉपीराइटचे उल्लंघन ठरविले आणि नुकसानभरपाईही देवविली. गुळवेलीचे गुण सर्वांचे आहेत. ते सांगणारी विशिष्ट वाक्ये ज्याने लिहिली त्याची आहेत. आपल्यापैकी किती जणांच्या पत्रकांतील 'औषधाविषयी थोडेसे' हा मजकूर स्वतःचा आहे, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

ग्रंथांच्या बाबतीतही विवेक हवा. मूळ संहिता कोणाच्याही मालकीची नाही. परंतु अलीकडील अनुवाद, टिपा, प्रस्तावना व आकृत्या यांवर अनुवादकाचा वा संपादकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य १९५६ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्काची मुदत २०१६ अखेर संपली. आज हयात असलेल्या अनुवादकाचे पान मात्र छायाचित्र काढून आपल्या जाहिरातीत टाकता येत नाही. मूळ मजकूर सर्वांचा असला तरी त्यावर बुद्धी खर्चून केलेली संपादकीय भर संरक्षणास पात्र ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात २००७ मध्ये सांगितले आहे.

एक सापळा असा आहे की त्यात अत्यंत सज्जन मनुष्यही सापडतो. बोधचिन्ह वा लेबल डीटीपीवाल्याकडून पैसे देऊन करून घेतले म्हणजे ते आपले झाले, असे आपण गृहीत धरतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे निर्मात्याचा हक्क हा पहिला. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, तसेच मोबदला देऊन काढविलेले छायाचित्र वा चित्रफीत यांस, उलट करार नसल्यास, अपवाद आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलाकाराने संगणकावर रचलेले लेबल किंवा बाहेरच्या लेखकाने लिहिलेला मजकूर मात्र लेखी हस्तांतरणावाचून आपला होत नाही. त्या लेखात मुदत नमूद केली नाही तर ती पाच वर्षेच धरली जाते आणि क्षेत्र नमूद केले नाही तर भारतापुरतेच. म्हणून काम देतानाच एका कागदावर 'सर्व हक्क, कायमचे, सर्व देशांकरिता' असे लिहून सही घ्यावी. शिवाय त्या डीटीपीवाल्याने वनस्पतीचे चित्र गूगलवरून उतरविलेले असेल, तर नोटीस त्याला येणार नाही. ज्याच्या बाटलीवर ते चित्र आहे त्याला येईल.

चित्रफितींमागे चित्रपटगीत लावण्याची सध्या प्रथा पडली आहे. खाजगी व्यक्तीस समाजमाध्यमावर जे गीत लावता येते, ते व्यापारी जाहिरातीस लावण्याची परवानगी त्यात असतेच असे नाही. प्रसिद्ध व्यक्तींचे छायाचित्र वा आवाज वापरणे तर अधिकच जोखमीचे. संगणकाने बनविलेला आवाज हा खरा आवाज नव्हे, ही पळवाटही उरलेली नाही. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली आहे. जाणूनबुजून केलेले कॉपीराइटचे उल्लंघन हा फौजदारी गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे.

जाहिरातीतील इतर खाचखळगे

दुसऱ्याच्या नावाचा उल्लेख करणे सर्वथा निषिद्ध नाही. प्रामाणिक तुलना कायद्यास मान्य आहे, निंदा नाही. 'उन्हाळ्यात च्यवनप्राश विसरा' अशा अर्थाच्या जाहिरातीबद्दल डाबरने इमामीविरुद्ध दावा केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती जाहिरात रोखली. जाहिरातीत डाबरचे नाव नव्हते. तरी एका संपूर्ण वर्गाच्या औषधाची निंदा अयोग्य ठरली. जुलै २०२५ मध्ये पतंजलीच्या च्यवनप्राशाच्या जाहिरातीविरुद्धही त्याच न्यायालयाने डाबरच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. 'आमचेच शास्त्रोक्त, इतरांचे बनावट' हे वाक्य आपल्या पत्रकांत किती सहज येते, याचा विचार व्हावा.

इंटरनेटवरील जाहिरातीत आणखी एक युक्ती चालते. गिऱ्हाईक एखाद्या नामांकित औषधाचे नाव शोधू लागले, की आपली जाहिरात वर दिसावी, म्हणून ते दुसऱ्याचे नाव 'कीवर्ड' म्हणून विकत घेतले जाते. गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की, असा वापर हाही जाहिरातीतील 'वापर'च होय. केवळ तेवढ्याने उल्लंघन होत नाही. परंतु गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली तर होते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच: दुसऱ्याच्या नावाशी मिळताजुळता पत्ता घेणे हे त्याच्या नावावर आपला माल खपविण्यासारखे ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात २००४ मध्येच मान्य केले आहे.

स्थानवाचक शब्द जपून वापरावेत. सांगलीची हळद आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन आहे; अन्य ठिकाणची हळद त्या नावाने विकता येत नाही. देवदेवता व संतांच्या नावांचा मोह आपल्या भागात स्वाभाविक आहे. परंतु 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे म्हणून मिळावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केली. असे नाव कोणा एकाचे होत नाही, म्हणजे ते घेऊन आपले वेगळेपणही टिकत नाही. 'शिवाजी' हे नाव तर व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या कायद्याने मज्जाव आहे. श्रद्धेच्या नावाचा इंटरनेटवर कसा दुरुपयोग होतो, हे आमच्या तालुक्यास चांगले ठाऊक आहे. शनिशिंगणापूर देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून ऑनलाईन पूजेचे पैसे घेतल्याचा विषय २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेला.

लहान फार्मसीने काय करावे

एक गैरसमज प्रथम दूर व्हावा. अन्न व औषध प्रशासनाने ज्या नावाने औषधास परवानगी दिली, ते नाव आपल्या मालकीचे झाले असे नाही. परवाना हा औषध तयार करण्याचा. नावाचा हक्क हा वापराने आणि नोंदणीने मिळतो. तसेच वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्यास परवान्यातून जी सूट आहे, ती ऑनलाईन विक्रीस लागू होत नाही, हेही प्रसंगवशात नमूद करतो.

नाव ठरविण्यापूर्वी व्यापारचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. त्यास शुल्क नाही. स्पेलिंग बदलून उपयोग नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सर्व लिपींतील उच्चार पाहावा. वर्गही पाहावेत: औषधे पाचव्या वर्गात, प्रसाधने तिसऱ्यात, मध व चहा तिसाव्यात, विक्रीसेवा पस्तिसाव्यात आणि चिकित्सालय चव्वेचाळिसाव्यात येते. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योग यांना ऑनलाईन अर्जास प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, म्हणजे एका चांगल्या माहितीपत्रकाच्या छपाईहून अधिक नाही. नोंदणी दहा वर्षांची असून पुढे नूतनीकरण होते. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे चिन्ह छापू नये. खोटी नोंदणी दाखविण्यास कायद्याने मनाई आहे व त्याबद्दल दंड होतो.

आणि नोटीस आली तर? घाबरून पहिल्याच दिवशी नाव सोडू नये. समोरच्याच्या वापरापूर्वीपासून आणि नोंदणीपूर्वीपासून आपण अखंड वापर करीत असू, तर कलम ३४ आपले रक्षण करते. नोटीस ग्रंथोक्त नावाबद्दल असेल, तर तसे नाव ज्या लेबलात आहे त्या संपूर्ण लेबलाची नोंदणी म्हणजे त्यातील प्रत्येक शब्दावर एकाधिकार नव्हे, हे कलम १७ सांगते. निराधार धमकीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय कलम १४२ मध्ये आहे. मोठ्या कंपनीचे पत्र म्हणजे निकाल नव्हे. परंतु या सर्व ढाली कागदाच्या आहेत. पहिले बिल, पहिले लेबल, परवान्याची प्रत, जुनी जाहिरात, वर्षवार विक्री हे सर्व एका फाइलीत नसेल, तर कायदा बाजूने असूनही हात रिकामे राहतात. ज्यांचे वडील-आजोबा औषधे करीत होते, त्यांनी माळ्यावरचे जुने गठ्ठे रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहावेत, ही कळकळीची विनंती.

संघटनेचे कर्तव्य

हे सर्व एकेकट्या वैद्याने करावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून आमच्या संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. पहिली, सभासदांच्या प्रोप्रायटरी औषधांची नावे व त्यांच्या वापराचा आरंभ यांची एक नोंदवही संघटनेने ठेवावी. ती नोंदणीची जागा घेणार नाही, परंतु सभासदासभासदांतील निम्मे वाद तेथेच मिटतील. दुसरी, वनस्पतींची छायाचित्रे सभासदांनी स्वतः काढून संघटनेस लेखी परवानगीने द्यावीत आणि छायाचित्रकाराच्या नावासह ती सर्वांना वापरू द्यावीत. प्रवराकाठी व गोदाकाठी हिंडणाऱ्या आपल्या सभासदांस हे अशक्य नाही. तिसरी, लेबल करून घेतानाचा हस्तांतरणाचा एक नमुना मराठीत तयार करून या त्रैमासिकात छापावा.

काहींना वाटेल की याने आपल्यातील मोकळेपणा जाईल. आम्हास उलट वाटते. आपले नाव सुरक्षित आहे अशी खात्री असलेला वैद्यच अनुभूत योग मोकळ्या मनाने चारचौघांत सांगतो. नाव पळविले जाईल या भीतीत असलेला पाठही झाकून ठेवतो आणि अखेर तो त्याच्याबरोबरच जातो. ग्रंथ मोकळा ठेवावयाचा असेल, तर नावाची मर्यादा पाळली पाहिजे. याचा सुज्ञ व्यवसायबंधू-भगिनींनी विचार करावा आणि आपली मते या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत.